रौदाचा नवा लॅपटॉप

१२ ऑक्टोबर, शनिवार

रौदाला नवा लॅपटॉप! नौफलने दिला. वाढदिवस नाही, ईद नाही – उगीचच! चंदेरी, वहीएवढा पातळ. मी शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवते आणि माझ्या डबड्याचं झाकण चिकटपट्टीवर टिकलंय. धाकट्या बहिणीला मात्र केकच्या ऑर्डरी लिहायला हा!

"ताई, सारखं काहीतरी उघडतं गं त्यात. नको ते सगळं काढून दे ना." ठेवून गेली. नौफल बरोबरच होता, कॉफीसुद्धा अर्धी टाकली.

आईचं संध्याकाळपर्यंत एकच – "नवरा असावा तर असा."

१३ ऑक्टोबर

कचरा नुसता! कंपनीने आधीच भरून पाठवलेला. अँटिव्हायरस दर दहा मिनिटांनी कोकलतो – तुम्ही धोक्यात आहात, पैसे भरा. पत्त्यांचे दोन खेळ, हवामान, कुठलंसं खरेदीचं दुकान. एकेक उपटून काढलं. रीस्टार्ट केला तर दोन पुन्हा हजर!

काढताना मनात दुसरंच चाललं होतं. नौफल पहिल्यांदा मला बघायला आला होता. नऊ वर्षं झाली. लिंबाचं सरबत माझ्या हातचं प्यायला, हसला, स्फॅक्स शहरातल्या उन्हाळ्याबद्दल बोलला. आठवड्याने निरोप आला – धाकटीसाठी. "सबीहा फारच हुशार आहे," म्हणे.

मग काय, हुशार बाई कचरा काढतेय.

१४ ऑक्टोबर

अँटिव्हायरस गेला. मुळासकट. तेवढंच बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर

उरलंसुरलं बघावं म्हणून यादी तारखेप्रमाणे लावली. सगळा कचरा कारखान्यातला, जूनचा. एकच प्रोग्रॅम १० ऑक्टोबरचा – रौदाच्या हातात लॅपटॉप पडायच्या आदल्या दिवशीचा. नाव अगदी साधं, 'छपाई मदतनीस'. उघडला. छपाईशी काडीचा संबंध नाही! रौदा टाइप करेल ते अक्षर न् अक्षर, शिवाय दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो – सगळं एका पत्त्यावर जातंय. नौफलच्या.

मला आनंद झाला. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! नऊ वर्षं जिचा हेवा केला, तिचा नवरा हा असा!

आणि पाठोपाठ दुसरं आलं, लाज वाटावी असं. माझ्यावर कुणी एवढी नजर ठेवेल का? मी दिवसभर काय टाइप करते, कुणाला पडलीय?

१६ ऑक्टोबर

रौदा न्यायला आली. खाली गाडीत नौफल, हॉर्न वाजवतोय. ती दारातच उभी.

"साफ झाला?"

"झाला."

"सगळं काढलंस ना ताई? नक्की?"

"नक्की म्हणजे काय! माझा धंदाच आहे तो."

गळ्यातच पडली. सोडेचना. मागून आई – "नशीब काढलंस हो पोरी!"

काढायला दोन मिनिटं लागली असती. नाही काढलं. लागू दे की तिच्या घासात एखादा खडा.

१९ ऑक्टोबर

सांगायला हवं. उद्या सांगते.

२० ऑक्टोबर

सहामाहीचे पेपर तपासायचे होते. राहिलं. – खोटं. पेपर दुपारीच संपले होते.

२१ ऑक्टोबर

केला फोन. "ताई, किती शांत चालतो गं आता! काही म्हणजे काही उघडत नाही." आवाज इतका हलका – लग्नानंतर ऐकला नव्हता असा. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात पलीकडून नौफल – "सबीहाला सलाम सांग!" गिळलं.

सुखात आहे की! मीच कशाला मोडता घालू?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी रौदा आली. दोन पिशव्या, कडेवर लेक तस्नीम, पायात घरातल्या सपाता. डावा गाल सुजलेला. आई दाराला धरून खालीच बसली.

घटस्फोटासाठी वकीलबाईंना पत्र लिहायला घेतलं होतं तिने. त्याच लॅपटॉपवर. पाठवलंही नव्हतं. नौफलने ते तिला शब्द न् शब्द म्हणून दाखवलं.

"मला आधीपासून संशय होता, ताई. फोनवर, त्याच्यासमोर बोलायची सोय नाही, म्हणून तर तुझ्याकडे आणून टाकला. तू साफ म्हणालीस, मग लिहायला बसले." मी बर्फ फडक्यात गुंडाळत होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून तीच माझी समजूत काढायला लागली – "फार खोल लपवलं असणार त्याने. तुला तरी कसं दिसणार?"

"हो," म्हटलं.