गुलाबाखालचा माणूस

बाबा, तुमचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पद्मनाभपुरातल्या या घरात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी टांगलाय. रंग उडालेत. मालकाचा कोट राखाडी झाला, तुमची टोपी मागच्या भिंतीत मिसळली, आणि मी कडेने बसवलेले गुलाब, ज्यांचा मला इतका गर्व होता, ते जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट झालेत. उजव्या कडेचा मोठा गुलाब सर्वांत फिका आहे. तुमचा हात खांद्यापासून निघतो, कोपरापर्यंत दिसतो आणि त्या गुलाबात शिरतो. कधी कधी मी चष्मा काढून काचेजवळ जातो आणि फिक्या पाकळ्यांतून खाली कोणी दिसतं का ते बघतो. तिथे कोणी नाही. हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

मूळ फोटो काढला त्या दिवसाची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत, की मी तिथे नव्हतो हेच मी विसरतो. सुपेल्यापलीकडचा तो लोखंड ओतायचा खासगी कारखाना, विश्वकर्मा पूजेचा दिवस, भट्टी थंड. मालक मधोमध खुर्चीवर, बाकीचे दोन रांगांत, पुढे पाटीवर खडूने लिहिलेलं साल. डाव्या टोकाला देवाची मूर्ती, उजव्या टोकाला तुम्ही, साचे बनवणारे मिस्त्री. फोटोग्राफर ओरडतो, ‘‘बस मिस्त्रीजी, फ्रेम भर गई.’’ आणि तुम्ही वाळूच्या ढिगाकडे बघून हाक मारता, ‘‘ए उतईवाला! आ ना रे, तोर बिना फोटो कइसे होही?’’ तो लाजतो. ‘‘मोर कपड़ा त देख, मिस्त्री.’’ तुम्ही म्हणता, ‘‘रेती सबपर है, मालिक को छोड़के.’’ सगळे हसतात, मालकही हसतो, आणि त्या हशात तुम्ही त्याला ओढून अगदी कडेला उभा करता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवता.

उतईवाला म्हणजे उतईच्याही पुढच्या खेड्यातून सायकलने येणारा ठेकेदाराचा मजूर. तुमच्या हाताखाली वाळू चाळायचा, साचे उचलायचा. इतकी वर्षं राबला, पण हजेरीच्या रजिस्टरात त्याचं नाव कधीच चढलं नाही. थंडीत तो शेतातली तिवऱ्याची कोवळी पालेभाजी गमछ्यात बांधून आणायचा, आणि आई त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी पाट देऊन जेवू घालायची. मी तेव्हा कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धा जिंकत होतो. एकदा मी आईसमोर भाषण म्हणून दाखवत होतो, श्रमाच्या प्रतिष्ठेवर, हात वर करून, आवाज चढवून. उतईवाला भाकरीचा तुकडा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘बने गोठियाथस बाबू. फेर काखर बर?’’ छान बोलतोस, पण कोणासाठी? मी म्हणालो, ‘‘तुम्हारे लिए ही तो.’’ तो आईकडे वळला. ‘‘त मोला थोरकुन साग अउ दे दे, बाई.’’ मग मला अजून थोडी भाजी वाढ! तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. मला राग आला होता. आज वाटतं, माझ्या भाषणावर इतकी नेमकी टीका पुन्हा कुणी केली नाही.

वितळलेल्या लोखंडाकडे बघून बघून तुमची नजर अधू झाली आणि तुम्ही काम सोडलंत. त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला तुम्ही पहिल्यांदाच घरी असणार होतात. मला काहीतरी द्यायचं होतं. सुपेल्याच्या चौकात टायरच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे मी शिकत होतो. एकच रंगीत मॉनिटर, त्यावर फोटो सजवायचं सॉफ्टवेअर, आणि शेजारी स्कॅनर. शिकवणारे सर लग्नाच्या फोटोंना वेलबुट्टीच्या चौकटी करून द्यायचे, मी त्यांच्या मागे बसून बघायचो. सीडीतून एक गुलाब घ्यायचा, त्याच्या कडा मऊ करायच्या, त्याच्या कॉपी काढायच्या. प्रत्येक कॉपी थोडी फिरवायची, म्हणजे छाप मारल्यासारखी दिसत नाही. प्रत्येकीखाली हलकी सावली टाकायची, म्हणजे फूल कागदावरून उचललेलं वाटतं. शेवटी आतून बारीक सोनेरी रेघ. हे काम मला फार आवडायचं, बाबा, आणि त्याची लाजही वाटायची. क्रांतीची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारा मी, आणि तासन् तास गुलाब फिरवत बसायचो.

अडचण पुठ्ठ्याची झाली. तुमच्यासाठी सजवायला घेतलेला तो कारखान्याचा फोटो लांबट होता आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. स्कॅनरच्या काचेवर तो बसेना. एक बाजू दोन बोटं बाहेर राहायची, पुठ्ठा उचलला जायचा आणि सगळे चेहरे धूसर यायचे. सर म्हणाले, ‘‘काट दे यार. वैसे भी किनारा फूलों में जाएगा.’’ त्यांचं खरं होतं. अशी चौकट फोटोच्या भोवती बसत नाही, फोटोवर बसते, आणि कडेला जे असेल ते खाते. ब्लेड माझ्या हातात होतं. डाव्या कडेला विश्वकर्म्याची मूर्ती, उजव्या कडेला उतईवाला. देव नाही, असं मी तेव्हा भर सभेत सांगत होतो, त्यावरून आईशी दिवस दिवस अबोला धरत होतो. आणि देवाच्या चित्राला ब्लेड लावायची माझी छाती झाली नाही. मी फूटपट्टी उजवीकडे ठेवली. एका ओढीत काम झालं नाही. पुठ्ठा जाड होता, ब्लेड चार वेळा फिरवावं लागलं. कापलेली पट्टी खाली पडली तेव्हा तिच्यावर त्याचा चेहरा होता आणि त्याच्या खांद्यावर तुमची चार बोटं. ती मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्कॅन झाल्यावर उरलेला पुठ्ठाही तिथेच टाकला.

पूजेच्या दिवशी मी तुम्हाला तो फोटो दिला. आई आधी म्हणाली, ‘‘हा फोटो होय का मांडव होय गा? नवरदेव कुठी हाय यातला?’’ तुम्ही काच नाकाशी धरलीत, डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा ओळखत आलात आणि थांबलात. ‘‘माहा हात कुठी गेला बे? अन् उतईवाला? कावून काढला त्याले?’’

‘‘काढला नाही बाबा. फुलाखाली आहे. जाईल कुठे?’’

इतक्या सहज आलं ते तोंडातून. तुम्ही मान हलवलीत. ‘‘भाषणात मजूर मजूर करून राहिला, अन् फोटोत मालक मधात, मजूर फुलाखाली! वा रे कॉम्रेड!’’ मग स्वतःच म्हणालात, ‘‘असू दे. फुलाखाली हाय म्हणजे चांगल्याच जागी हाय.’’ आणि मला खिळा ठोकायला सांगितलंत.

त्याच थंडीत कारखान्यात वितळलेल्या लोखंडाची बादली उलटली. उतईवाला तिसऱ्या दिवशी गेला. मालक म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, चोरी करायला घुसला असेल. चोरी! त्याची बायको भरपाईच्या दाव्याची तक्रार घेऊन कामगार कचेरीत गेली, तिच्यासोबत तुम्ही गेलात. तुम्ही शपथेवर सांगितलंत, पण मालकाचा माणूस म्हणाला, हे म्हातारे काम सोडलेले, ह्यांना आमचा राग आहे. कचेरीतल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, कागद नाही तर एखादा फोटो तरी आहे का? तुम्ही छाती ठोकून म्हणालात, ‘‘है ना साहब, मेरे घर में. साल भी लिखा है.’’ त्या फोटोची दुसरी प्रत मालकाच्या केबिनमध्ये होती, ती त्याच आठवड्यात भिंतीवरून नाहीशी झाली. फोटोग्राफर केव्हाच गाव सोडून गेला होता. राहिला आपला.

तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून क्लासचा जिना चढता आहात. तुम्हाला पायऱ्या दिसत नाहीत, पण घाई तुम्हालाच आहे. मी फ्लॉपी टाकतो, पडद्यावर चित्र उघडतं. तुम्ही स्टूल पुढे ओढता आणि बोट बरोबर त्या गुलाबावर ठेवता. ‘‘काढ आता हे फूल. हळू काढजो. त्याचं तोंड खराब नको होऊ.’’

मी काय केलं, सांगू? मी माऊस हलवत राहिलो. फुलाभोवती रेघ आखली, पुसली, पुन्हा आखली. कितीतरी वेळ मी तुमच्यासमोर प्रयत्न करण्याचं नाटक केलं. मग म्हणालो, ‘‘फ्लॉपीत जागा कमी होती बाबा. फुलं आणि फोटो एक करून टाकावे लागले. आता वेगळे होत नाहीत.’’ यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून खोटं. तुम्ही विचारलंत, ‘‘अन् जुना पुठ्ठा?’’ मी म्हणालो, ‘‘कसर लागली होती, फेकला.’’ तुम्ही गुलाबावरचं बोट काढलंत. मग उठताना माझ्या पाठीवर थाप मारलीत. ‘‘जाऊ दे. एकदा ओतलेलं लोखंड बी अलग होत नाही. तुहा काय दोष त्यात?’’

तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित बोललो असतो.

तक्रार निकालात निघाली, उतईवाला त्या कारखान्यात कधी नव्हताच असं ठरलं. काही दिवसांनी त्याची बायको आपल्या घरी आली. तिला आता दाव्याचं काही नको होतं. घरात त्याचा एकही फोटो नाही, म्हणाली, हार कशाला घालू? तुम्ही तिला भिंतीपाशी नेलंत. ती एकेक चेहरा बघत गेली. ‘‘एमा ओ ह कोन मेर हे?’’ यात तो कुठे आहे? तुम्ही गुलाबावर बोट ठेवलंत. ‘‘इहाँ. फूल के नीचे.’’ तिने पदराने तेवढीच काच पुसली. मग हात जोडले. आई स्वयंपाकघरात गेली आणि ती बाई जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी दारात उभा होतो. मी, जो हजार माणसांसमोर अडखळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आपल्या भागाचं वेगळं राज्य व्हायचं होतं अजून. तुमच्या फोटोला चौकट करायला सर तयार होते, मी नको म्हणालो. आई म्हणाली, पोराले साधेपणा आवडते. आता कुणाच्याही फोनवर बोट लावलं की क्षणात गुलाबांची चौकट बसते. आमच्या युनियनची पोरं वाढदिवसाला मला तसले फोटो पाठवतात, मी ते उघडत नाही.

पण एक सांगायचं राहिलं. उतईवाल्याच्या गोष्टीनेच मला वक्ता केलं. ती मी दर सभेत सांगतो, आणि मी सांगतो की त्या माणसाचा जगात एकच फोटो होता आणि तो मालकाने नाहीसा केला. मालकाने आपली प्रत खरंच काढली होती, त्यामुळे हे खोटं बोलताना माझा आवाज कापत नाही. टाळ्या नेमक्या त्या वाक्याला पडतात. बायका डोळे पुसतात. मालक दोषी होता, याबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. पण ते ब्लेड माझं होतं.

उद्या सुपेल्यात सभा आहे. भाषणाचे कागद या पत्राशेजारीच पडलेत. सकाळपासून सुरुवात दोनदा बदलली, शेवटही बदलला. फोटोचा तो भाग तेवढा तसाच ठेवला आहे.