मल्हार पैलवान वेळण्याला येणार

वेळणे बंदर, ४ एप्रिल २०२४

ति. मल्हारदादास,
सोनमचा सा. न. वि. वि.

होडीतून उतरताना माझा फोन खाडीत पडला, म्हणून हे पत्र. शाळा छान चाललीये. पोरं मला मासळीची नावं शिकवतात, मी त्यांना पाढे.

दादा, एक घोटाळा झालाय. या गावात कधी कुणी पैलवान झाला नाही, पण कुस्तीशी नातं सांगायची हौस भारी. बर्फवाल्यानं म्हणे एका नामांकित पैलवानाच्या सुजलेल्या गुडघ्याला बर्फ पुरवला होता. आमच्या शिपायाच्या मेहुण्यानं दुसऱ्या एकाला एसटीत खिडकी दिली होती. हे ऐकून ऐकून मीही बोलून गेले, की माझा भाऊ मिरजेच्या तालमीत असतो. तिथं काय करतो, ते सांगायचं राहिलं. आता वीस तारखेच्या जत्रेत पैलवान मल्हार यांची कुस्ती जाहीर झालीये! लोभ असेल तेवढा आत्ताच वापर आणि ये.

तुझी,
सोनम

मिरज, १० एप्रिल

चि. सोनमला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वस्तादांना वाचून दाखवलं. ते हसून हसून खाटेवर आडवे झाले. आगं, मी हितं अकरा वर्सं पैलवानांसाठी बदाम घोटतोय. वजन अठ्ठावन्न किलो, त्यात मिशाच दोन किलोच्या. आटपाडीला आईला फोन केला, तर ती म्हणती, पोरीची नोकरी नवी हाय, तिला खोटं पाडू नगंस. वस्ताद म्हणत्यात, तालमीच्या नावावर खोटं खपवायचं न्हाई. दोघांच्या मधी माझं भरीत झालंय. तवा येतो, पण समद्यांसमोर खरं सांगणार. तुझी मान खाली गेली, तर तुझी तूच वर कर.

जपून ऱ्हा.
तुझा दादा, मल्हार

वेळणे बंदर, २२ एप्रिल

ति. आईस,
सोनमचा सा. न.

आधी सांगते, नोकरी शाबूत आहे. दादाची पाठ तेवढी दुखतेय.

वाळूवर मैदान आखलं होतं. दादा मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, की मी पैलवान नाही, बदाम घोटणारा आहे, बहिणीची चूक पोटात घाला. मला वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं. तेवढ्यात प्रांजल पुढं आली. एकोणीस वर्षांची कोळ्याची पोर, रोज बापाबरोबर जाळं ओढते. म्हणाली, पाहुणे एवढ्या लांबून आलेत, तर कुस्ती मी खेळते. दादा नको नको म्हणेपर्यंत तिनं त्याला कमरेतून उचलला, गरकन फिरवला आणि चीतपट केला. बायकांनी नुसता कल्ला केला.

दादानं तोंडातली वाळू थुंकली आणि तसाच तिच्या बापाकडं गेला. म्हणाला, अशी पकड अकरा वर्षांत बघितली नाही, पोरीला मुलींच्या तालमीत धाडा. जाळं कोण ओढणार म्हणून बाप अडून बसला. प्रांजलनं मात्र दादाला एसटीची वेळ विचारून घेतली! शेवटी बाप एका वर्षापुरता कबूल झाला. आज सकाळी तिची पिशवी त्यानंच गाडीत ठेवली आणि मागं न बघता बंदराकडं निघून गेला.

गाडीत चढताना दादा मला हळूच म्हणाला, की एवढ्या वर्षांत त्याला कुस्तीला कुणी बोलावलंच नव्हतं. हरला, पण लय झ्याक वाटलं त्याला.

हे तो तुला सांगायचा नाही, म्हणून मी कळवते. माझ्यावर राग असला तरी चालेल, त्याच्यावर माया असू दे.

तुझी,
सोनम