आजीचं आजारपण

ती. आईला आधी नमस्कार, मग तक्रार.

आम्ही सुखरूप आहोत. समुद्रावर गर्दी नाही. त्यासाठीच ह्यांनी मुलीची आठवडाभर शाळा बुडवली. पण रजेच्या अर्जात मला न विचारता "आजी अत्यवस्थ" असं ठोकून दिलं.

आता वर्गाच्या बाईंचा निरोप आलाय. मुलांनी तुझ्यासाठी चाळीस शुभेच्छापत्रं केलीत आणि शनिवारी बाई ती घेऊन तुझ्याकडे येताहेत. पत्ता तुझ्या नातीनेच दिला. मी कपाळाला हात लावून बसलेय, हे खुशाल पोहताहेत.

शनिवारी अंथरुणात राहा, गच्चीवर कपडे वाळत घालू नकोस. खोकायला सांगणार होते, पण परवा फोनवर तू आपणहूनच खोकत होतीस आणि विचारलं तर विषय बदललास.

त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन ये. ह्यांचा अर्ज खोटाच राहिला पाहिजे.

तुझी वैतागलेली
थोरली