चाळीस पात्रांचा गेम

१ मार्च, सकाळी ७.१०
रजेचा पहिला दिवस. तीन महिने, बिनपगारी. साहेबांनी बजावलंय की १ जूनला जागेवर दिसलो नाही तर टेबल दुसऱ्याला. खुशाल द्या म्हणावं! तोवर माझा व्हिडिओ गेम जगभर पोचलेला असेल. त्या जावक रजिस्टरचं तोंड पुन्हा बघायचं नाही म्हणजे नाही. गेममध्ये चाळीस पात्रं. प्रत्येकाची चाल वेगळी. हिला सगळा प्लॅन सांगितला. ती कन्येचा डबा भरत होती. हं म्हणाली.

९ मार्च
शिकवणीचे व्हिडिओ दुप्पट स्पीडने बघितले. लोक उगाच बाऊ करतात. नायक नेटवरून आयता घेतला आणि स्क्रीनवर उभा केला. दोन्ही हात आडवे पसरून उभा आहे, वाळत घातलेल्या शर्टासारखा. चालायला लागला की हात आपोआप खाली येतील.

१७ मार्च, दुपारी
हात खाली येत नाहीत.

१८ मार्च
आले! पण आता कमरेपर्यंत जमिनीत गेलाय. कन्येने विचारलं की हा काका खड्ड्यात पडलाय का. तिला सांगितलं की ते पाणी आहे, त्याला पोहता येतं. वहीत कथा तशी बदलून घेतली. पात्रंही बारा पुरेत. गर्दीत कथा हरवते.

१६ एप्रिल
उसनी चाल नकोच. मोबाइल स्टुलावर ठेवून पॅसेजमध्ये स्वतः चाललो आणि ते बघून एकेक पाऊल नायकाला लावलं. अकरा दिवस गेले, पण चीज झालं. आता तो हुबेहूब माझ्यासारखा चालतो, पोट पुढे, मान खाली. शत्रू गाफील राहील. शेजारच्या काकूंनी हिला हळूच विचारलं म्हणे, तुमच्या ह्यांची तब्येत बरी आहे ना, सारख्या येरझाऱ्या चालू असतात. कलेतलं काही कळत नाही लोकांना.

२८ एप्रिल
चार पावलं पुढे जातो आणि झटकन मूळ जागी येतो. दिवसभर तेच. शेवटी फोरमवर विचारलं. एका सज्जनाने कळवलं की तुम्ही त्याला चालीतच पुढे सरकवलंय, आणि प्रोग्रॅमही त्याला पुढे ढकलतोय. चाल जागच्या जागी करायची असते, हे पहिल्याच धड्यात आहे. पहिला धडा मी सोडला होता. तो नवशिक्यांसाठी असतो.

११ मे
आज रडलो. बाथरूममध्ये नळ सोडून, चांगली दहा मिनिटं. हिला सांगितलं की डोळ्यांत साबण गेला. वीस दिवस उरलेत आणि एक माणूस ह्या खोलीतून त्या खोलीत जात नाही. काय तोंड दाखवू मी ऑफिसात? देवा, हा एकटा चालू दे रे. बाकीचे अकराही मी सोडले.

२० मे
तोडगा सापडला! नायकाला खुर्चीवर बसवलं. आता तो पहारेकरी आहे. पहारेकऱ्याने जागा सोडायचीच नसते. नुसता श्वास घेतो. पण श्वास काय जमलाय!

३१ मे, संध्याकाळी
गेम पूर्ण. घरच्यांना दाखवला. ही समोर बसून एकेक बटण दाबत राहिली. मग काय करायचं असतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. सात मिनिटं ठेवलं बिचारीने. कन्या पाचव्यालाच झोपली. उठताना ही म्हणाली की श्वास खरंच छान घेतो हं. उद्या ऑफिसात सहज चक्कर मारणार आहे. रुजू वगैरे व्हायला नाही. राजीनामा तोंडावर दिलेला बरा.

१ जून
साहेबांनी बसवलं, पाणी दिलं. ड्रॉवरमधून रुजू होण्याचा अर्ज काढून पुढे केला, सही तेवढी करा म्हणाले. अक्षर हिचं. तारीख आजची. वहिनींनी तुमच्या रजेच्या पहिल्याच दिवशी आणून दिला होता, म्हणाले. कारणापुढे हिने लिहिलं होतं, ‘हाती घेतलेलं काम पूर्ण झाल्यामुळे.’
साहेबांचंच पेन मागून घेतलं. मग सही केली.