दोनशे चौदाला फोन करू नये

८ जानेवारी १९९६
बंगलोर आवडलं. वीस वर्षं निपाणीच्या शाळेत संस्कृत शिकवलं. विद्यार्थी संपले, मी उरलो. आता मी ‘मॉनिटरिंग ऑपरेटर’ आहे. मालक गुरुराज यांनी मला लगेच पसंत केलं, कारण एका जागी न बोलता बसण्याचा माझा सराव दांडगा. मल्लेश्वरमला तीन खोल्यांचं घरही त्यांनीच पाहून दिलं. फिटर महांतेश बेळगावकडचा. मला ‘मास्तर’ म्हणतो आणि साखर ‘स्वल्प’ सांगितली तरी चहाचा पाक करतो.

काम घरांच्या राखणीचं. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर एक पेटी. खोलीतल्या यांत्रिक डोळ्यासमोर कोणी हललं, की ती टेलिफोनची तार स्वतःच्या ताब्यात घेते, आम्हाला फोन लावते आणि सुरांत घराचा नंबर नि खोली सांगते. तेवढा वेळ त्या घरचा फोन मुका. आमचं यंत्र पोच म्हणून एक लांब सूर देतं. तो मिळेपर्यंत पेटी पुन्हा पुन्हा विचारते. (माझे विद्यार्थी एकदाही विचारत नसत.) मग आम्ही त्या घरी फोन करायचा: सगळं ठीक ना?

अपवाद एक. टेबलासमोर गुरुराजांनी सूचना चिकटवली आहे: ‘२१४ ला फक्त पोच द्यावी. फोन करू नये.’

१० जानेवारी
आता माझ्याही घरी पेटी. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला बरी, असं गुरुराजांचं म्हणणं. नवा नंबर घालणं आणि भोंगा बसवणं महांतेशने उद्यावर टाकलं. त्याचा ‘उद्या’ वेदांसारखा अनादि-अनंत. मी मात्र निघताना पहारा चालू करायची बटणं दाबतो. पेटी टुक् करते. निघताना घरातून कोणीतरी ‘हूं’ म्हणावं, तसं.

१५ जानेवारी
संक्रांत. शेजारणीने एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, हातावर ठेवून गोड बोलायला सांगितलं. सरी, म्हणजे बरं, म्हटलं. पण कोणाशी?

दुपारी २१४ चा संदेश: बेडरूम. हल्ली रोज येतो. पोच देतो, गप्प बसतो. या गावात मला न चुकता फोन करणारं हे एकच घर, आणि त्याच्याशीच बोलायला बंदी.

१८ जानेवारी
आज नियम मोडला. २१४ चा नंबर फिरवला, तर तो अस्तित्वातच नाही.

महांतेशला विचारलं. त्याने कप खाली ठेवला. हेब्बाळच्या अंबुबाईंचा तो नंबर, म्हणाला. मुलं अमेरिकेत. म्हातारी दुपारी मुद्दाम डोळ्यासमोरून फिरायची, म्हणजे आपण फोन करणार आणि तिला बोलता येणार. गुरुराज कंटाळले, सूचना लावली. दिवाळीत ती बेडरूममध्ये पडली. पेटीने कळवलं. इथून पोच गेली. फोन कोणी केला नाही.

मग रोज संदेश येतो तो कुठून? पेटी तर काढली असेल.

‘काढली की. तुमच्याच घरात बसवलीया, मास्तर. नंबर बदलायचा ऱ्हायलाय न्हवं.’

१९ जानेवारी
दुपारी २१४, बेडरूम. ऑफिसातून माझ्याच घरी फोन केला.

उचलला गेला.

पलीकडे कोणी बोलेना. तोंडून निघालं, जेवलात का? श्वास ऐकू आला. तिने ठेवला नाही. मीच ठेवला. ‘तिने’ का लिहिलं मी?

२० जानेवारी
रजा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचंच. बटणं दाबली, फोन तारेसकट ओढून स्वयंपाकघरात बसलो. इथे यंत्राचा डोळा नाही. आज टेबलावर महांतेश; त्याला बजावलं आहे, संदेश आला की लगेच फोन कर.

दुपार. महांतेशचा फोन. त्याला पीण्या भागात कामाला पाठवताहेत, टेबलावर नवा माणूस. त्याला सांगून ठेवलंस ना, विचारलं. ‘मास्तर, त्याला —’ आणि फोन मुका. पेटीने तार घेतली. बेडरूममध्ये —

फोन जिवंत. म्हणजे पोच गेली. आता तो फोन करेल.

करत नाही.

पुन्हा मुका. जिवंत. पोच. फोन नाही.

मी नंबर फिरवू लागलो की पेटी तार घेते. बाहेरचं दार हॉलच्या पलीकडे —

नव्या माणसासमोर ती सूचना आहे. मीही हेच केलं. मुकाट, चहा पीत.

तार हलते आहे. मी ओढत नाही. फोन फरशीवरून हॉलकडे, हळूहळू —

ओरडून म्हटलं, आपण बोलू. बसा. बोलू आपण.

तार थांबली.

समोरचं रिकामं स्टूल सरकलं —