लाल दिवा लागेपर्यंत

बाबा,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे.

परवा प्रयोगशाळेत गॅस गळला. धोक्याची घंटा वाजली तशी सगळी मुलं बाहेर पळाली. मी पाठमोरी, परीक्षानळीत गुंग. मला कुठलं ऐकू येतंय? झाडूवाल्या मावशींनी आत येऊन मला ओढून बाहेर काढलं. काही लागलं नाही, खरंच.

मी सरांना लिहून दिलं, “घंटेसोबत लाल दिवाही लावा ना.” त्यांनी खाली लिहिलं, “बघू. तोवर तू बाहेर बस.” आता मैत्रीण आतून आकडे आणून देते, मी बाकड्यावर बसून वहीत उतरवते.

आईचे गुडघे कसे आहेत? तिने विचारलंच तर सांगा, प्रयोग छान चाललेत.

तुमचीच,
धाकटी