किल्ल्याच्या उतारावरची शेंग

अखिलशिंबीकुलावतंस, प्रतानमीमांसाधुरंधर, पर्णोपपर्णभेदविशारद, धारूरदुर्गपरिसरस्थ समस्त रानवाटाण्यांचे बिनपगारी संस्थानाधिपती आणि उरलेल्या वेळात सरकारी मदरशाचे मराठी शिक्षक, गुरुजी, यांच्या सेवेशी. इतक्या पदव्या हैदराबादेत कुणा उमरावालाही एका दमात मिळाल्या नसतील. तुम्हांला हयातीत एकही मिळाली नाही. मृतास पदवी देण्यासाठी दरबारची मंजुरी लागत नाही, म्हणून ही उणीव मीच भरून काढतो आहे.

तुमच्या हाताखाली दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा माझे वनस्पतिज्ञान ताटात वाढलेल्या अवस्थेपुरतेच मर्यादित होते. पहिल्याच पौषात गव्हाच्या रानातून पिवळ्या फुलांचा एक वेल उपटून मी तुमच्यापुढे धरला आणि भर सभेत ठराव मांडावा तशा स्वरात म्हणालो, "दोन पानांचा वाटाणा." तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, वेल उजेडात फिरवता, आणि माझ्याकडे न पाहता म्हणता, "याला पान एकही नाही. ही दोन रुंद दिसतात ती देठाच्या बुडाची उपपर्णे. पानांचा पोशाख घालून बसली आहेत. खरे पान होते, त्याचा नुसता ताणा उरला. पोशाख बघून माणसाला सलाम करतोस, तसा झाडाला करू नकोस." टोमणा वर्मी लागला, कारण आदल्याच दिवशी तहसीलदाराच्या शिपायाला तहसीलदार समजून मी कमरेत वाकलो होतो. त्यानंतर तुम्ही मला रीतसर शिकवले. घरच्या वाटाण्याचे खोड गुळगुळीत, लाखेच्या, म्हणजे लाखोळी डाळीच्या, खोडाला दोन्ही अंगांनी हिरवी झालर. वाटाण्याची उपपर्णे पानाहून मोठी, लाखेची बाणाच्या अर्ध्या टोकाएवढी, आणि तिच्या पानात लांब, अरुंद पर्णिकांची एकच जोडी. फुलाच्या रंगावर विसंबू नये; रंग हा फितूर होणारा साक्षीदार. "शेवटचा निवाडा शेंगेचा," असे म्हणून तुम्ही लाखेची शेंग उलटी धरायचात आणि तिच्या पाठीवरचे दोन कंगोरे माझ्या नखाला लावून दाखवायचात.

आणि मग किल्ल्याच्या उतारावरचा तो वेल. झालर लाखेची, पर्णिका लाखेच्या, परंतु अंगभर मऊ लव आणि फूल तांबूस. अन्य कोणत्याही विषयात तुमचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्या दिवशी मात्र तो चढला. "कंगोरे असले, तर शेतातून पळालेली लाख. नसले, तर ही निराळी जात, अद्याप कोणी न नोंदलेली. नाव मी ठरवून ठेवले आहे. शेंग दिसली की सांगेन." शेंग दिसत नव्हती, कारण ती धरण्याच्या सुमारास पायथ्याच्या म्हातारीच्या शेळ्या दरवर्षी तेथे शास्त्रार्थास उपस्थित होत. अखेर तुम्ही तिला गाठलेत.

"बाई, एवढा एक वेल सोडून चारा."

"कावून? औषदी हाय का?"

"नाही. शेंग बघायची आहे."

"शेंगाच पायजे तर आमच्या रानातली लाख न्या की मास्तर. औंदा लई आलीया."

"ती लाखच. ही लाख आहे की नाही, ते ठरायचे आहे."

"मंग शेळीला इचारा. तिला दोनी बी सारखंच लागतंय."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. चव हे लक्षण अद्याप ग्रंथांत गणलेले नाही, असे तुम्ही तिला अत्यंत आदराने समजावलेत. तिनेही तितक्याच गांभीर्याने मान हलवली, आणि तेवढ्यात शेळीने वेल संपवला.

त्या उन्हाळ्यात तुम्हांला ताप भरला. उशाशी बसून मी विचारले, "गुरुजी, नाव तरी सांगा." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "आधी शेंग." एवढ्यावर आपला संवाद थांबला तो थांबलाच.

आज माझे वय तुमच्या तेव्हाच्या वयापुढे गेले आहे. दर हिवाळ्यात मी किल्ल्याचा उतार चढतो. घरी सांगतो, पचनासाठी. यंदा वेलाभोवती स्वहस्ते बोराटीच्या फांद्यांचे कुंपण केले, आणि परवा, मदरशाच्या शुक्रवारच्या सुटीत, शेंग दिसली. बोटाएवढी, हिरवी, चपटी, पाठ पलीकडे केलेली. उलटून पाहायला दोन बोटे पुरली असती. मी पाहिले नाही. कंगोरे निघाले तर तुम्ही चुकलात, आणि न निघाले तर तिला नाव द्यावे लागेल, व ते तुमच्यापाशी आहे. हे दोन्ही मला सोसणार नाही, एवढे या पत्रात कबूल करतो. ते तुमच्या मुक्कामी पोहोचवण्याची सोय सरकारी टपालात नाही, म्हणूनच करतो.

बाकी कुशल. मात्र त्या म्हातारीचा नातू कुंपणाच्या फांद्या एकेक करून पाणी तापवायला नेतो. हटकले तर म्हणतो, "रानात पडल्या हुत्या की गुरुजी, तुमी दुसऱ्या लावा." दुसऱ्या लावताना एक काटा उजव्या तळहातात मोडला आहे, लेखणी नीट धरवत नाही, आणि घरातला चिमटा कोणी नेला हे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात.